प्राचीपासून शून्य अंशापर्यंत

जुनी खरेदीखते ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक असेल की, देणाराचे नाव, घेणाराचे नाव आणि रुपयांची रक्कम यांच्याइतकाच अटळ असा एक मजकूर त्या दस्तऐवजांत असतो आणि तो चतुःसीमेचा होय : पूर्वेस अमक्याचा मळा, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस गावठाणाची हद्द. ही पद्धत कागदाहून पुष्कळच जुनी आहे. राष्ट्रकूटांच्या आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाचे चार ‘आघाट’ सांगताना पूर्वतः, दक्षिणतः, पश्चिमतः, उत्तरतः असा क्रम वारंवार आढळतो, आणि गावाच्या शिवेवरून पूर्वेपासून निघून गाव उजव्या हाताला ठेवीत एक प्रदक्षिणा पुरी करावी तसाच तो क्रम आहे. या लेखनात अंश नाही, कला नाही, कोणतेही यंत्र नाही. दिशा येथे शेजाराने सांगितली जाते, आणि शेजार पिढ्यान् पिढ्या टिकणारा असल्यामुळे तेवढ्याने तंटे मिटतही असत. हीच दिशा पुढे एक अंक झाली, ‘उत्तरेकडून अमुक अंश’ एवढ्या तीन शब्दांत सामावली आणि शाळकरी मुलाच्या गणिताच्या वहीत येऊन बसली. हा प्रवास कसा घडला हे पाहू लागले म्हणजे यज्ञवेदीपासून अलिबागच्या वेधशाळेपर्यंतची वाट तुडवावी लागते, आणि त्या वाटेचा एक मोठा टप्पा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर पडतो याचे मला फार अप्रूप वाटत आले आहे.

आपल्या पूर्वजांची पहिली दिशा उत्तर नव्हती, पूर्व होती. दिशांची नावेच त्याची साक्ष देतात. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची, उत्तर म्हणजे वरची. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या देहावरून ही सारी नावे पडली आहेत. दख्खन या आपल्या मुलखाच्या नावातही तोच उजवा हात लपलेला आहे. त्यामुळे वेदी बांधताना प्रथम साधावयाची ती प्राची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. ती साधण्याची कात्यायनशुल्बसूत्रात दिलेली रीत इतकी सोपी व इतकी निर्दोष आहे की, आजही कोणत्याही शाळेच्या पटांगणात ती करून पाहता यावी. सपाट भूमीवर एक शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभा करावा. शंकूच्याच लांबीची दोरी घेऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी लांब असलेली सावली आखडत आखडत ज्या ठिकाणी वर्तुळाच्या आत शिरेल तेथे एक खूण करावी आणि दुपार टळल्यावर वाढत वाढत ज्या ठिकाणी ती बाहेर पडेल तेथे दुसरी. या दोन खुणांना जोडणारी रेषा ती प्राची. मग त्या रेषेच्या दोन टोकांपासून दोरी ताणून लंब काढला की दक्षिणोत्तर आपोआप मिळते. सूर्य एकाच उंचीवर दोनदा येतो, सकाळी पूर्वेच्या अंगाला आणि दुपारनंतर पश्चिमेच्या, आणि या दोन स्थानांच्या ऐन मध्ये याम्योत्तर रेषा असते, एवढ्या एका तत्त्वावर ही सारी रचना उभी आहे.

पुढे ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांत या विषयाला ‘त्रिप्रश्न’ नावाचा स्वतंत्र अध्यायच मिळाला. तीन प्रश्न म्हणजे दिशा, देश आणि काल; शंकूच्या सावलीवरून ही तिन्ही काढावयाची, आणि त्यांत पहिला मान दिशेला. सावलीच्या या रीतीत एक बारीक दोष आहे, तोही आपल्या गणितज्ञांच्या नजरेतून सुटला नाही. सकाळच्या व दुपारच्या खुणांमध्ये जे काही तास जातात तेवढ्यात सूर्य आपल्या जागी राहत नाही. त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर, बदलत असते, आणि विषुवदिनाच्या सुमारास तर हा बदल दिवसाला सुमारे २४ कलांचा असतो. परिणामी दुसरी खूण किंचित सरकते. सह्याद्रीच्या कुशीतले भास्कराचार्य, ज्यांच्या नातवाने शके ११२८ मध्ये कोरविलेला मठाच्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत या चुकीचे मापच देऊन ठेवले : दोन वेळच्या क्रांतिज्यांचे अंतर घ्यावे, त्यास छायाकर्णाने गुणावे, स्थळाच्या लंबज्येने भागावे, आणि जितकी अंगुळे येतील तितकी खूण सूर्याच्या अयनाच्या दिशेने हलवावी. ज्या चुकीने घराची भिंतसुद्धा डोळ्याला वाकडी दिसणार नाही, तिचाही हिशेब मांडून ठेवणारी ही वृत्ती आहे. दिशा ही श्रद्धेची बाब असूनही ती मोजावयाची वस्तू आहे, हे येथे पुरतेपणी मान्य झालेले दिसते.

आपल्या अष्टदिशांच्या क्रमाकडेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. इंद्र पूर्वेचा, अग्नी आग्नेयेचा, यम दक्षिणेचा, निर्ऋती नैर्ऋत्येचा, वरुण पश्चिमेचा, वायू वायव्येचा, कुबेर उत्तरेचा आणि ईशान ईशान्येचा, हा दिक्पालांचा क्रम उजवीकडे वळत जाणारा, घड्याळाच्या काट्यांच्या गतीचा आहे. नव्हे, घड्याळाचे काटेच या गतीचे अनुकरण करतात, कारण उत्तर गोलार्धात जमिनीवरची शंकूची छाया सकाळी पश्चिमेस, दुपारी उत्तरेस आणि सायंकाळी पूर्वेस अशीच फिरते. (आपल्याकडे उन्हाळ्यात काही दिवस सूर्य माथ्याच्या उत्तरेने जातो आणि भर दुपारची सावली दक्षिणेस पडते, हा अपवाद कर्कवृत्ताच्या अलीकडे राहणारांनी ध्यानात ठेवावा.) म्हणजे पुऱ्या वर्तुळाचे आठ भाग, प्रत्येक भाग ४५ अंशांचा, मोजणीची दिशा प्रदक्षिणेची, आजच्या दिगंशपद्धतीहून फरक एवढाच की शून्य पूर्वेस आहे.

समुद्रावर मात्र सावलीचा शंकू रोवता येत नाही. भूमी हलते, शंकू हलतो आणि रात्री तर सावलीच नसते. अरबी समुद्राच्या नाखव्यांनी म्हणून ताऱ्यांचा आश्रय केला. क्षितिजाचे त्यांनी ३२ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला ज्या ठिकाणी एखादा ठळक तारा उगवतो वा मावळतो त्या ताऱ्याचे नाव दिले : उत्तरेस ध्रुव, ज्याला ते ‘जाह’ म्हणत, पूर्वेस श्रवण नक्षत्राचा तारा, त्यांचा ‘ताइर’, दक्षिणेच्या अंगाला अगस्त्य, त्यांचा ‘सुहैल’. तारा उगवण्याची जागा ती ‘मतला’ आणि मावळण्याची ती ‘मगीब’, असे एकाच ताऱ्याच्या नावाने पूर्वेकडचे एक व पश्चिमेकडचे एक असे दोन भाग ओळखले जात. पंधराव्या शतकातील थोर दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याच्या ग्रंथांत ही सारी व्यवस्था सविस्तर आली आहे. ३६० ला ३२ ने भागले म्हणजे प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा होतो. ताऱ्यांची खरी उदयस्थाने या समान भागांशी तंतोतंत जुळत नाहीत, श्रवणाचा तारा अगदी बरोबर पूर्वेस उगवत नाही, तरीही नावे टिकली. तारा मागे पडला आणि त्याचे नाव केवळ एका कोनाचे नाव होऊन राहिले, हे या इतिहासातले महत्त्वाचे वळण आहे. कोकणात रात्री जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला आपले कोळी मतलई म्हणतात. तो शब्द या ‘मतला’च्याच कुळातला असावा असे मला वाटते.

या ताऱ्यांच्या चक्राखाली पुढे चुंबकसूची आली. सूचीचा सर्वांत जुना स्पष्ट वृत्तान्त चीनचा आहे : शेन कुओ नावाच्या विद्वान अंमलदाराने १०८८ च्या सुमारास लिहून ठेवले की, चुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखविते, परंतु नेमकी दक्षिण नव्हे, किंचित पूर्वेकडे कललेली. म्हणजे चिनी माणसाच्या दृष्टीने सुई दक्षिणदर्शक होती आणि तिचा कलही तिच्या परिचयाबरोबरच नोंदला गेला. अरब नाखवे या यंत्राला ‘हुक्का’, म्हणजे डबी, म्हणत. आपला ‘होका’ आणि त्यावरून झालेले ‘होकायंत्र’ त्याच शब्दाचे वंशज. सुकाणू हा शब्दही अरबीतूनच आपल्या गलबतांवर चढला. युरोपात १२६९ साली पेत्रुस पेरेग्रिनुस याने लिहिलेल्या पत्रात ३६० अंशांचे वर्तुळ कोरलेल्या होकायंत्राचे वर्णन आहे, आणि तेथून पुढे सुई व अंश यांची जी गाठ पडली ती सुटली नाही.

परंतु सुईने दाखविलेली उत्तर खरी उत्तर कशावरून? या प्रश्नाचा शोध घेत जो माणूस आपल्या किनाऱ्यावर आला त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्यच वाटते. जुआंव द काश्त्रो हा पोर्तुगीज सरदार पुढे गोव्याचा कारभारी झाला, दीवच्या वेढ्यात लढला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव आले तर ते याच कारणांनी येते. पण १५३८ साली तो लिस्बनहून गोव्यास निघाला तेव्हा त्याच्याजवळ तलवारीखेरीज एक लहानसे उपकरण होते. पेद्रु नुनिश या पोर्तुगालच्या राजगणितज्ञाने योजिलेले ते उपकरण म्हणजे एक अंशांकित तबकडी, तिच्यावर मध्यभागी उभा शंकू आणि शेजारी चुंबकसूची. सकाळी सूर्य एका ठरावीक उंचीवर असताना शंकूची सावली कोणत्या अंशावर पडली ते पाहावयाचे, दुपारनंतर तो त्याच उंचीवर उतरला म्हणजे पुन्हा पाहावयाचे, दोन्हींचा मध्य काढावयाचा. तो मध्य म्हणजे खरी याम्योत्तर रेषा, आणि सुई त्या रेषेपासून जितकी ढळलेली असेल तितका तिचा कल. कात्यायनाच्या यज्ञभूमीवरचा शंकू आणि चिनी सुई एकाच तबकडीवर बसून आफ्रिकेला वळसा घालीत कोकणाकडे येत होत्या. नुनिशला शुल्बसूत्रे ठाऊक नव्हती. समान उंचीच्या दोन सावल्यांचे तत्त्व हे सूर्याचेच तत्त्व असल्यामुळे ज्याने ज्याने दिशेचा मनापासून शोध घेतला त्याला ते सापडले.

काश्त्रोने वाटेत ठिकठिकाणी हे वेध घेतले, तिसऱ्याच प्रहरी कंटाळून सोडून न देता चिकाटीने घेतले, आणि त्यांतून तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. त्या काळी पुष्कळांची अशी आशा होती की सुईचा कल रेखांशाच्या प्रमाणात बदलत असेल, आणि तसे ठरते तर समुद्रावर रेखांश काढण्याचे दुर्घट कोडे होकायंत्रानेच सुटले असते. काश्त्रोच्या आकड्यांनी ती आशा मोडली. दुसरे, प्रवासातच त्याच्या ध्यानात आले की सुईजवळ तोफ असली म्हणजे वेध बिघडतो, म्हणजे जहाजावरचे लोखंडच वाटाड्याला चकवीत असते. आणि तिसरी गोष्ट आपल्या मातीतली आहे. गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना, उत्तर कोकणात, जमिनीवर उतरून त्याने काही खडकांवर सुई ठेविली तेव्हा ती भलतीकडे फिरली. जागा बदलताच तिचे वळणही बदलले. खडकांनाही चुंबकत्व असते ही गोष्ट त्याने येथे पाहिली. आपला काळा पाषाण हा ज्वालामुखीचा थिजलेला रस असून त्यात लोहाचे चुंबकीय खनिज असते, आणि रस थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची मुद्रा त्यात उमटून राहते, हे पुढे पुष्कळ काळाने कळले. परंतु ज्या दगडांच्या आपण पायऱ्या, देवळे आणि गड बांधले त्यांनी सुईला फिरविले हे पहिल्यांदा लिहून ठेवण्याचा मान या परक्या सरदाराचा आहे, आणि तो त्याला मोकळ्या मनाने दिला पाहिजे.

सुईच्या चंचलतेचे आणखी एक अंग इंग्लंडात उघडकीस आले. लंडनमध्ये १५८० साली तिचा कल पूर्वेकडे सुमारे सव्वाअकरा अंश होता. १६२२ साली एडमंड गुंटरला तो सुमारे सहा अंशच आढळला, आणि १६३४ साली गेलिब्रँडला चारच्या आसपास. माप घेणारे चुकले नव्हते, कालमानाने सुईची उत्तरच सरकत होती. हा गुंटर आपल्या इतिहासात आणखी दोन वाटांनी शिरतो. कोटिज्येला आज जे ‘कोसाइन’ नाव आहे ते त्याचे, आणि जमीन मोजण्याची ६६ फुटांची साखळीही त्याची. ‘साइन’ हा शब्द तर आपल्या ज्येचाच फिरून आलेला अवतार होय : ज्या अथवा जीवा अरबीत गेली, तेथे तिची अक्षरे ‘जैब’ अशी वाचली गेली, जैब म्हणजे वस्त्राची चुणी वा खळगा, म्हणून लॅटिनमध्ये ती ‘सिनुस’ झाली.

या ज्या-कोटिज्यांनीच दिगंशाला गणितात स्थान दिले. उत्तरेला शून्य मानून उजवीकडे ३६० अंशांपर्यंत मोजलेला कोन तो दिगंश. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. एखादे गलबत ६० अंशांच्या दिगंशाने १० मैल गेले तर ते उत्तरेस किती सरकले? १० गुणिले ६० ची कोटिज्या, म्हणजे ५ मैल. पूर्वेस किती? १० गुणिले ६० ची ज्या, म्हणजे सुमारे ८.६६ मैल. भूमितीच्या वर्गात कोन आडव्या अक्षापासून डावीकडे वळत मोजावयास शिकलेला विद्यार्थी येथे हटकून अडखळतो, कारण तेथे जिला आडव्या अंतरासाठी वापरले ती कोटिज्या येथे उभ्या अंतराला लागते. ९० मधून दिगंश वजा केला की वर्गातला कोन मिळतो, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. पण यातली एक रीत समुद्रावरच्या माणसाची आणि दुसरी कागदावरच्या बीजगणिताची, दोघींचे शून्य निराळे आणि वळणही निराळे, हे सांगितले तर मुलाचा गोंधळ भीतीत बदलणार नाही, असा माझा विश्वास आहे. परतीचा दिगंश काढावयाचा तर १८० मिळवावे वा वजा करावे. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर धावपट्टीच्या एका टोकास ०९ आणि दुसऱ्यास २७ हे अंक रंगविलेले आहेत, ते ९० आणि २७० यांचेच दशकात मोजलेले रूप आहे. शिवाय हे शून्य उत्तरेसच असावे असा काही दंडक नव्हता. गेल्या शतकातील अनेक ज्योतिषी व भूमापक दिगंश दक्षिणेपासून पश्चिमेकडे मोजीत असत.

जमिनीवर आपल्याकडे दिशेचा हा अंक सावकाश उतरला. शिवकालीन मोजणी पाच हात पाच मुठींच्या काठीने होई. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. क्षेत्र यात येते, दिशा येत नाही. सरकारास जमाबंदीपुरते क्षेत्र हवे असे. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी सुरू केली व जी पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची झाली, तिची साखळी गुंटरच्या साखळीच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि त्या वेळच्या रुपयाप्रमाणे १६ आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. शेताच्या मधून एक मुख्य रेषा धरावयाची आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून त्या रेषेवर काटकोनात अंतर घ्यावयाचे. काटकोन साधण्याच्या उपकरणाचे नाव मोजणीखात्यात शंकू असेच पडले, आणि त्या पद्धतीला ‘शंकू-साखळी’ म्हणू लागले. यज्ञवेदीचा शब्द असा मोजणीदाराच्या टिपणबुकात आला. शेतांचे तुकडे जोडून गावाचा नकाशा करावयाची वेळ आली तेव्हा मात्र कागदाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढणे प्राप्त झाले, आणि पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या गावाला कागदावर उत्तरेकडे तोंड करावे लागले. खातेदार अजूनही उगवतीकडचा बांध, मावळतीकडचा बांध असेच बोलतो, आणि खरेदीखतात पूर्व अद्यापि पहिली येते.

सुईच्या चालीची दीर्घकाळ नोंद ठेवण्याचे कार्य या देशात ज्या जागी घडले ती मुंबईची कुलाबा वेधशाळा. ती १८२६ सालची. चुंबकत्वाचे वेध तेथे १८४१ पासून सुरू झाले. बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता, आणि केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना, विशीही न गाठलेल्या वयात प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे कामास लागले. पुढे ग्रहसाधनाची कोष्टके लिहिणारा हा गणिती तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना समुद्राच्या वाऱ्यात, ठरल्या घटकेला, यंत्रावरचे अंश-कला वाचून चोपडीत उतरवीत असला पाहिजे, हे चित्र डोळ्यांसमोर आले म्हणजे मला त्या कुलाब्याच्या दांड्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो.

शतकाच्या अखेरीस मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरू लागले. रुळांतून वाहणारा प्रवाह नाजूक सुयांना स्वस्थ राहू देणार नाही हे उघड होते. त्या वेळचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी मुंबईपासून दूर, तरी फार दूर नव्हे, अशी जागा शोधली आणि खाडीपलीकडचे अलिबाग पसंत केले. भोवतालचा काळा दगड तेथे इमारतीस वापरला नाही. काश्त्रोच्या सुईला ज्याने फिरविले तो दगड येथे चालणार नव्हता, म्हणून पोरबंदरचा दगड आणविला गेला आणि बांधकामात लोखंडाला मज्जाव झाला. १९०४ साली अलिबागेस वेध सुरू झाले. परंतु कुलाब्याचे त्याच दिवशी बंद केले नाहीत. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवून, दोन जागांमधला फरक काढून, कुलाब्याचे साठ वर्षांचे आकडे अलिबागच्या आकड्यांशी सलग जोडून घेतले, आणि मगच १९०७ साली मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली.